छायाच्या गाडीचा आवाज

मखमलाबादच्या मळ्यांत छायाच्या गाडीचा आवाज सगळ्यांना पाठ होता. जुनी पेट्रोलची व्हॅन. चढाला लागली की आचके द्यायची आणि ॲक्सिलरेटर सोडला की सायलेन्सरमधून फट फट वाजायची. पाटाच्या पुलापाशी ती वाजली की ओट्यावर बसलेले छायाचे सासरे, सावळीरामनाना, हात धुवायला उठायचे. नातीला, निकिताला, सांगायचे, "आला भारत. ताट कर."

भारत, त्यांचा मुलगा, येत नव्हता. त्याला जाऊन दीड-दोन वर्षं झाली होती. शेवंतीला पाणी भरताना छातीत कळ आली आणि दवाखान्यात पोचेपर्यंत सगळं आटोपलं. नानांनीच पोटच्या पोराला अग्नी दिला, दहाव्याला रामकुंडावर कावळ्याची वाट बघत बसले, आणि मग हळूहळू नेमकं तेवढंच विसरून गेले. सुरुवातीला घरचे सांगत. दर वेळी नाना आत्ताच कळल्यासारखं कपाळ बडवून घेत. शेवटी छाया म्हणाली, आता पुरे, कोणी सांगू नका.

त्या घराची एक रीत होती. बाजाराला गेलेलं माणूस घरी आल्याशिवाय घरातल्या वडीलधाऱ्यानं जेवायचं नाही. भारतच्या मागे फुलं घेऊन पंचवटीतल्या बाजारात छाया जाऊ लागली, गाडी शिकली. दुपारी ती परत येई, गाडी वाजे, नाना जेवायला बसत. छायानं रिकामे क्रेट उतरवेपर्यंत त्यांची एक भाकरी झालेली असे आणि आपण कोणासाठी थांबलो होतो तेही ते विसरलेले असत. ही सोय देवानंच लावून दिली असं छायाला वाटे. सकाळी दिवा लावताना ती एवढंच मागे, नानांचं जेवण सुटू देऊ नको.

मग एक दिवस भरल्या फुलांनिशी गाडी दिंडोरी नाक्यावर बंद पडली. झेंडू उन्हात मलूल झाला. छाया कोणाच्या तरी टेम्पोतून घरी आली, आणि नाना ओट्यावर तसेच बसून राहिले. गाडी वाजली नव्हती. तिन्हीसांजेपर्यंत त्यांनी अन्नाला हात लावला नाही. दुसऱ्या दिवशी न्हाणीत भोवळ येऊन पडता पडता वाचले.

गाडी ओढून अंबडला रावजीच्या गॅरेजवर नेली. रावजी भारतचा शाळेपासूनचा दोस्त. स्टेअरिंगसमोरचा पिवळा दिवा कधीचा जळतोय, असं विचारून तो गाडीखाली शिरला आणि म्हणाला की ऑक्सिजन सेन्सर गेलाय. सायलेन्सरच्या नळीत बसवलेला असतो, धूर हुंगून इंजिनाला सांगतो की पेट्रोल जास्त होतंय का कमी. कंपनीचा घ्यायचा तर परवडणारा नाही. दुसऱ्या मेकचा स्वस्तात मिळतो, चांगला चालतो, फक्त त्याच्या वायरला गाडीत खोचायचं सॉकेट नसतं. जुन्याचं कापून जोडावं लागतं. छाया म्हणाली, तोच टाका.

जुना सेन्सर गंजून घट्ट बसला होता. तेल मारून, पाना लावून रावजी झटत होता. मधेच खालून हसला. "वहिनी, ही वायर बांधलीय का हार ओवलाय?"

छाया वाकली. सेन्सरची वायर दोऱ्यानं बांधलेली होती. हाराचाच दोरा, दुहेरी, दोन वेढे देऊन आवळलेला. अशी गाठ घरात एकटा भारत मारायचा. वायर लोंबायला लागली असेल, खिशात होता त्या दोऱ्यानं त्यानं वर बांधून टाकली असेल. नळीच्या धगीनं दोरा अर्धा जळून सैल झाला, वायर तापल्या नळीवर टेकली आणि वितळली. गाठ कोणाची ते रावजीच्याही लक्षात आलं. त्यानं ब्लेडनं गाठ कापली तेव्हा छायानं तोंड फिरवलं.

नवा सेन्सर बसला. गाडी चालू झाली. आचका नाही, फटफट नाही. रावजी खूष झाला, छाया मात्र कान देऊन तो जुना आवाज शोधत राहिली.

"रावजीभाऊ, थोडा आवाज ठेवता येईल का?"

"वहिनी, लोक आवाज घालवायला येतात माझ्याकडं."

तिनं नानांचं सांगितलं. रावजीनं फडक्यानं हात पुसले. मग म्हणाला की सॉकेट काढून ठेवलं तर परत तशीच वाजेल, पण परत कुठंतरी बंदही पडेल. मार्गशीर्षातले गुरुवार तोंडावर आले होते. वर्षाची कमाई त्या फुलांत होती. छाया म्हणाली, राहू द्या जोडलेलंच, आणि निघाली.

पाटाच्या पुलावर तिनं ॲक्सिलरेटर दाबून सोडला. पुन्हा दाबून सोडला. गाडी शहाण्या बाईसारखी मुकाट चालत राहिली.

नाना ओट्यावर होते. "कोणाची गाडी आली गं?" त्यांनी निकिताला विचारलं. तिनं ताट आणलं तर म्हणाले, "झाकून ठेव. भारत नाय आला अजून."

ऊन ओट्यावरून खाली उतरलं. आमटी गार झाली. त्याला उशीर होईल, तुम्ही जेवून घ्या, असं म्हणायचं छायाच्या ओठांवर आलं होतं. पण असं खोटं रोज किती दिवस बोलणार? ती त्यांच्या पायाशी बसली.

"नाना, बाजाराला भारत नाही गेला. मी गेले होते."

"तू?"

"रोज मीच जाते."

नानांनी तिच्याकडं पाहिलं. तिच्या बोटांना झेंडूचा पिवळा रंग लागलेला होता, तो पाहिला.

"एकटी?"

"एकटीच."

आता कपाळ बडवतील म्हणून तिनं त्यांचे हात धरायची तयारी ठेवली. त्यांनी हात हलवले नाहीत.

"लय दिस झाले का?"

"हो, नाना."

भिंतीला धरून ते उठले, हात धुवून आले. "बाजारचं माणूस आलंय," निकिताला म्हणाले. "तुझ्या आईचं बी ताट घे. उपाशी आसंल ती."

दोघं समोरासमोर बसली. नानांनी भाकरी मोडली आणि पहिला घास ताटाबाहेर जमिनीवर ठेवला, गेलेल्या माणसाच्या नावानं ठेवतात तसा. मग मान खाली घालून ते जेवू लागले. डोळ्यांतलं पाणी आमटीत पडत होतं, ते त्यांनी पुसलं नाही.