एका फाइलीत एकच सेटिंग

माझ्या वहिनीला झाकलेली वस्तू बघवत नाही. लग्न होऊन घरात आली तशी तिने आईचे पत्र्याचे डबे माळ्यावर टाकले आणि काचेच्या बरण्या मांडल्या. एका बरणीत एकच जिन्नस. आईने एकदा घाईत उरलेली साखर डाळीच्या बरणीत ओतली, तर हिने सगळी बरणी ताटात उपडी केली. "आई, कशात काय आहे ते बाहेरून कळायला हवं." तेव्हापासून घरात तिचं नाव बरणीबाई. तोंडावर म्हणायची हिंमत फक्त माझी, कारण मी नणंद.

ही बरणीबाई डिस्क बनवणाऱ्या एका कंपनीत इंजिनीअर आहे. कर्नल, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा, त्याने डिस्कशी कसं बोलायचं ते ती लिहिते. आणि तिच्या नवऱ्याच्या, म्हणजे माझ्या दादाच्या, फोटो स्टुडिओत डिस्क होती ती तिच्याच कंपनीची.

एका लग्नाचे फोटो दादाने त्या डिस्कवर उतरवले. 'कॉपी झाली' असं दिसल्यावर सवयीप्रमाणे कॅमेऱ्याचं कार्ड पुसलं, आणि तेवढ्यात वीज गेली. परत आली तेव्हा डिस्कवर एकही फोटो नव्हता. त्यात नवरीच्या आजोबांचा शेवटचा फोटो होता. नवरी भांडलीसुद्धा नाही, नुसती खुर्चीत बसून राहिली. त्यानंतर दादाने एकही कार्ड पुसलं नाही. ड्रॉवर कार्डांनी भरला आणि तो कामं नाकारायला लागला. फोटोग्राफरच धास्तावला, तर स्टुडिओ चालणार कसा?

वहिनी डिस्कच्या हात धुऊन मागे लागली. ही डिस्कबाई फोटो आधी स्वतःच्या तात्पुरत्या मेमरीत ठेवायची आणि पक्के लिहायच्या आतच 'झालं' म्हणून सांगायची. ही सवय बंद करायची सोय होती, पण ती सेटिंग फक्त कारखान्यातल्या प्रोग्रॅमला दिसायची.

"डिस्क आपली, आणि सेटिंग आपल्यालाच दिसत नाही? हे मी चालू देणार नाही!" वहिनीचा तिळपापड झाला.

साहेबांच्या मागे लागून तिने परवानगी काढली आणि कर्नलमध्येच एक नवी फाइल दिली. ती वाचली की डिस्कच्या सगळ्या सेटिंग्ज दिसणार, तिच्यात लिहिलं की बदलणार. आता कर्नल सांभाळणारी माणसं जगभर पसरलेली. त्यांच्यातल्या एका खडूस तपासनिसाने तिचं काम परत पाठवलं. 'एका फाइलीत एकच सेटिंग. लोक एकदा वापरायला लागले की ही फाइल बदलता येणार नाही, तेव्हा आत्ताच नीट करा.'

"प्रत्येक सेटिंगला वेगळी फाइल? डोकं फिरलंय मेल्याचं," वहिनी स्वयंपाकघरात धुमसत होती.

मी फळीवरच्या बरण्यांकडे बोट दाखवलं. तिने वळून बघितलं. मग तिने कपाळावर हात मारून घेतला.

"साखर डाळीत ओतलीस की गं, बरणीबाई!" आई पहिल्यांदाच तिच्या तोंडावर म्हणाली आणि डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली. किती दिवसांनी घरात कुणी असं हसलं होतं!

वहिनीने सगळं पुन्हा लिहिलं. प्रत्येक सेटिंगला तिची तिची फाइल. तपासनिसाचं उत्तर आलं, 'आता छान. घेतलं.' वहिनीने मला धरून गरागरा फिरवलं.

मग आम्ही स्टुडिओत गेलो. वहिनीने नवा कर्नल घातला, आधीच 'झालं' म्हणायच्या सवयीची जी फाइल होती तिच्यात शून्य, म्हणजे 'बंद', लिहिलं आणि म्हणाली, "उतरव फोटो." कॉपी पूर्वीपेक्षा सावकाश चालली होती. 'झाली' असं दिसलं मात्र, हिने खाली वाकून सरळ प्लगच उपटला.

"अगं, काय करतेस!" दादा किंचाळला. त्याने झटकन कार्ड काढून मुठीत घट्ट धरलं.

"लाव परत," ती म्हणाली.

कॉम्प्युटर चालू झाला. दादाने पहिला फोटो उघडला, मग दुसरा, तिसरा, अगदी शेवटचासुद्धा. सगळे जिथल्या तिथे. माझा जीव भांड्यात पडला. वहिनी मात्र हाताची घडी घालून नुसती त्याच्याकडे बघत होती.

दादाने मूठ उघडली, कार्ड कॅमेऱ्यात घातलं आणि बटण दाबलं.

"काय केलंस रे?" मी विचारलं.

"पुसलं," तो म्हणाला. "उद्या लग्न आहे म्हणून कालच एक जण विचारून गेलाय. येतो म्हणून कळव त्याला."