सव्वाआठचं पाळणाघर

आमच्या खोक्यांच्या कारखान्यात मुकादमांना सगळे कुलूपकाका म्हणतात, अर्थात पाठीमागे. आठचा भोंगा झाला की हा माणूस फाटकाला कुलूप ठोकायचा. बाहेर राहिलेली बाई रडो की हात जोडो, उत्तर एकच, "आता उद्या या." हा नियमही त्यांनीच मालकांच्या गळी उतरवलेला. मला तर त्यांचा भयंकर राग यायचा.

मग काकांच्या सुनेची बाळंतपणाची रजा संपली. काकू आता नाहीत, मुलगा नोकरीसाठी परगावी, सुनेचं ऑफिस गावाच्या दुसऱ्या टोकाला, आणि पाळणाघर उघडणार सव्वाआठला. बाळाला सोडणार कोण? "बाबा, मी राजीनामा देते," सून म्हणाली. काका ताडकन म्हणाले, "एवढी शिकलीस ती काय घरी बसायला? मी सोडीन त्याला." पुढे हे सगळं मला तिनेच हसत हसत सांगितलं. काका बोलून बसले, आणि मग त्यांना फाटक आठवलं.

दुसऱ्या दिवशी ते मालकांपुढे उभे. मी शेजारीच खोकी चिकटवत होते, कान मात्र तिकडे.

"सकाळी अर्ध्या तासाची सवलत हवी होती."

मालक गालातल्या गालात हसले. "काका, नियम तुमचाच. तुम्हाला एकट्याला सूट दिली तर या बायका मला जगू देतील का?"

"मग सगळ्यांनाच द्या. उशिरा येईल तो तेवढाच उशिरा जाईल. आत्ता फाटक चुकलं की माणूस अख्खा दिवस घरी, यंत्र बंद, नुकसान तुमचं."

हेच सांगून सांगून आमचा घसा कोरडा पडला होता. पण आज सांगणारे खुद्द कुलूपकाका. महिनाभर करून बघू, मालक म्हणाले. दांड्या इतक्या कमी झाल्या की माल वेळेआधी निघू लागला, आणि महिना कधी संपला ते मालकांनी विचारलंसुद्धा नाही. सुनेची नोकरी टिकली. काका साडेआठला येतात, खांद्यावर दुधाचा डाग मिरवत.

परवा मला राहवलं नाही. "काका, आम्ही पोरं घेऊन फाटकात हेच सांगत होतो. तेव्हा का नाही ऐकलंत?"

काकांनी खांद्यावरच्या दुधाच्या डागावरून हात फिरवला.

"तेव्हा पोर तुझ्या कडेवर होतं गं," ते म्हणाले. "माझ्या नव्हतं."