दुर्गाबाईंच्या गुंडीचा पोचा

भंडाऱ्यात पितळेच्या दुकानांमागच्या गल्लीत दुर्गाबाईंनी एकसष्टाव्या वर्षी हातात पेन्सिल धरली, आणि गल्लीला आठवडाभर दुसरा विषय उरला नाही. गोंदिया तुटून जिल्हा अर्धा झाला, तेव्हासुद्धा एवढी चर्चा झाली नव्हती. कोणी म्हणालं, नातवाचा गृहपाठ करतात. कोणी म्हणालं, नवऱ्याशी अबोला आहे. भांडण होतं हे खरं, पण नवऱ्याशी नव्हतं.

आईच्या मागे दिघोरीच्या माहेराहून पाणी भरायची एक पितळेची गुंडी दुर्गाबाईंकडे आली होती. तेव्हापासून अकरा वर्षं धाकटी बहीण शकुनबाई लग्नकार्यात भेटली, की 'बरी हायेस का' राहायचं बाजूला, आधी विचारायची, "कशी हाय माही गुंडी?" 'माही'वर असा जोर, की शेजारच्या मांडवातल्यानंही वळून बघावं.

त्या गुंडीच्या पोटाला एक पोचा होता. लहानपणी तळ्यावरून पाणी आणताना "मले दे, मले दे" करत दोघी बहिणींनी तो पाडला होता. आईचा मारही दोघींनी सारखाच खाल्ला होता.

गुंडी देणं दुर्गाबाईंच्या जिवावर येई. मग निदान चित्र तरी द्यावं, असं त्यांनी ठरवलं. शेजारची कीर्ती शाळेत चित्रकला शिकवायची. ती म्हणाली, "काकू, फोटो काढून द्या न!"

"फोटोत पितळच चमकते बाई. पोचा कुठं दिसते?"

कीर्तीनं खिडकीपाशी स्टूल मांडलं. त्यावर गुंडी, दोन वांगी आणि घडी घातलेला दुपट्टा. "पोचा उजेडाकडं ठेवा. उजेड पडते तिथं कागद कोरा सोडा, बाकी हळूहळू गडद करा. आन चित्र होईस्तोवर कोनाले हात लावू देऊ नका."

दुसऱ्याच दिवशी वांगी गायब. सून रुचिकानं भाजीत घातली होती. "आई, मले काय माहीत, का वांगे फोटो काढाले बसले होते!" घरभर हशा पिकला, नवी वांगी आली. शुक्रवारपर्यंत सगळं उतरलं, फक्त पोचा राहिला. रविवारी शकुनबाई येणार होती.

आता दुर्गाबाईंचे यजमान परसराम. पंचेचाळीस वर्षं पितळेची भांडी ठोकलेला माणूस. कोणाकडे जेवायला गेले, की भाजी काय आहे ते नंतर, आधी वाटी उलटी करून बुड पाहायचे. यजमानीण बिचारी घाबरायची. अशा माणसाच्या स्वतःच्या घरात पोचा आलेली गुंडी! बायकोनं "हात लावू नका" एवढंच बजावलं होतं, कारण कधी सांगितलं नव्हतं. आणि आता त्या पोच्यासकट चित्र काढून पाहुण्यांना दाखवणार? शुक्रवारी दुर्गाबाई बाजारात गेल्या आणि परसरामनी वाकडी सळी, हातोडी काढली. पोचा काढला, चिंचेनं गुंडी लखलखीत केली आणि वांग्यांशेजारी होती तशी ठेवून दिली.

दुर्गाबाई परतल्या, पेन्सिल घेऊन बसल्या. गुंडी बघितली, फिरवली, पुन्हा फिरवली.

"पोचा कुठं गेला?"

"काढला!" परसराम असे बोलले, जणू दिवाळीची साडी आणली. "आता सापडत असन तं दाखव."

दुर्गाबाई ओरडल्या नाहीत. पेन्सिल खाली ठेवली, कागद बाजूला सारला. त्यालाच परसराम घाबरले. स्वयंपाकघरातल्या रुचिकानं मिक्सर बंद केला. मग तळ्याची, आईच्या माराची सगळी हकिकत बाहेर आली.

परसरामनी ऐकलं आणि हातोडी उचलली. "पुन्हा पाडून देतो." तीनदा हात वर गेला, खाली येईना. जन्मभर हजारो पोचे काढले, पाडला एकही नव्हता. "नाई होत माह्यानं, दुर्गे."

हातोडी ठेवली, तसा त्यांचा अंगठा गुळगुळीत पितळेवर फिरला आणि एका जागी थांबला. "येथं होता. चिंचोक्याएवढा. वरून कड टोकदार, खालून उतार, डावीकडं जरासा लांबट."

"तुमाले काय माहीत?"

"अकरा वर्षं झाले, पाणी घेतानी रोज चाचपतो. तू काढू देत नव्हतीस न!"

आईची खूण पुसणाऱ्याच्या बोटात ती खूण जशीच्या तशी होती. राग कुठे गेला ते दुर्गाबाईंनाच कळलं नाही. हा माणूस आपल्याला मिळाला, असं लग्नानंतर इतक्या वर्षांनी त्यांच्या मनात आलं, आणि डोळे भरून आले. त्यांनी कागद पुढे ओढला. "ठेवा अंगठा तिथंच. सांगा." वरची कड कोरी सोडली, उतार हळूहळू गडद केला.

रविवारी शकुनबाईनं एकदा चित्र पाहिलं, एकदा गुंडी. "हे काय व्हय? गुंडी गुळगुळीत आन पोचा कागदावर?" सगळं कळल्यावर पदर तोंडाला लावून हसली, मग त्याच पदरानं डोळे पुसले. कागद जपून गुंडाळला.

"भाऊजी, पोचा मी नेतो. पन माह्या घरी येसान तं हातोडी येथंच ठेवून या!"

त्या हिवाळ्यात एका लग्नात दोघी भेटल्या. दुर्गाबाई नेहमीसारख्या तयारीत होत्या. शकुनबाईनं विचारलंच.

"कशी हाय तुही गुंडी?"