इंजिनापाशीची जागा

थायलंडमधल्या चा-अमच्या किनाऱ्यावर प्रेबेनला न ओळखणारा माणूस म्हणजे कालचा पाहुणाच समजायचा. डेन्मार्कच्या जहाजांवर इंजिनं दुरुस्त करणारा हा गडी सव्वीस वर्षांपूर्वी इथे आला, प्रयून कोळ्याच्या होडीचं इंजिन उघडून बसला, तो कायमचाच. पुढे मासळी वाळवायच्या जागेवर बारा मजले चढले, कोळी घटले, कॉफीवाले वाढले. हे दोघे मात्र रोज सकाळी त्या होडीपाशी. प्रेबेनची थाई अजूनही अशी, की त्याने नुसतं मीठ मागितलं तरी दुकानदारीण तोंडावर हात धरते.

आणि मग आला लॉरेन्स. हॉलंडचा, येऊन अवघी तीन वर्षं झालेला! जुन्या बर्फाच्या कारखान्यात कॉफीचं दुकान थाटलं, आणि थाई तर असा बोलायचा की बातम्या देणाऱ्याने ऐकत बसावं. शेवटच्या वर्षी म्हातारा प्रयून त्याच्याकडेच जाऊन बसायला लागला. प्रेबेन समोरच्या बाकावरून बघायचा आणि आतल्या आत जळायचा.

"त्याच्याकडे पंखा आहे रे," प्रयून म्हणायचा.

"पंखा माझ्याकडेही आहे, दादा."

"तुझा नुसताच बोंबलतो, तुझ्यासारखा!"

प्रयून गेला. आमच्याकडे दहनाआधी भिक्षूंसाठी वस्त्र ठेवायचा मान असतो, माइकवरून एकेकाला नाव घेऊन बोलावतात. प्रेबेन काळा सदरा कडक इस्त्री करून पहिल्या रांगेत बसला होता. सरपंच झाले, मुख्याध्यापकबाई झाल्या, बर्फवाले झाले. "आणि आता, लॉरेन्सजी!" माइक म्हणाला आणि थांबला. बस्स, संपली यादी.

प्रेबेनच्या तळपायाची आग मस्तकात गेली. सव्वीस वर्षं त्याच्या इंजिनाच्या वंगणात हात काळे केले मी, आणि मान या कॉफीवाल्याला? प्रेतपेटीपाशी कागदी फूल ठेवलं न ठेवलं, आणि तो तडक निघाला. प्रयूनची लेक रंपाई मागून धावत आली, "काका, थांबा, महत्त्वाचं बोलायचंय!" त्याने वळूनही पाहिलं नाही. संध्याकाळी तिचा फोन आला, त्याने फोनच बंद करून टाकला. पहाटे तिच्या नवऱ्याने फाटक बडवलं, तरी हा कानावर उशी दाबून पडून राहिला. बोलवा म्हणावं त्या लॉरेन्सला!

आठच्या सुमाराला राग जरा निवला, तसा तो किनाऱ्यावर गेला. प्रयूनची होडी समुद्रातून परत येत होती. सगळ्यांच्या अंगावर पांढरे कपडे, आणि इंजिनापाशी लॉरेन्स, विजारीला झेंडूच्या पाकळ्या चिकटलेल्या.

रंपाई पाण्यात उतरली ती थेट प्रेबेनपुढेच येऊन उभी राहिली. रडून तिचे डोळे सुजले होते.

"कुठे होतात, काका? बाबांच्या अस्थी सोडून आलो आम्ही. ते महिनाभर आधीच सांगून ठेवून गेले होते, मला सोडायला नेताना इंजिनापाशी प्रेबेनच बसेल. अर्धा तास थांबलो तुमच्यासाठी. ओहोटी लागली, होडी वाळूत रुतायला लागली, मग याला हात धरून बसवलं."

"पण काल वस्त्राला मला..."

"वस्त्राला बाहेरच्या मानकऱ्यांना बोलावतात हो! घरच्यांना कोण बोलावतं?"

लॉरेन्स खाली मान घालून दोरी बांधत होता.

"नीट चालवलं का त्याने?" प्रेबेनने शेवटी विचारलं.

"कसलं नीट! दोनदा बंद पडलं," रंपाई म्हणाली. "दुसऱ्यांदा तर अस्थी हातात घेऊन आम्ही नुसते हेलकावे खात बसलो होतो."

ते ऐकून प्रेबेनला बरं वाटलं. अगदी मनापासून बरं वाटलं. आणि आपल्याला बरं वाटलंय हे ध्यानात आलं, तसा तो ओल्या वाळूत मटकन खाली बसला आणि हुंदके देऊन रडायला लागला.