चौथीच्या वर्गात बख्चिसराय

बख्चिसराय हे शहर मी पाहिलेलं नाही. हे आधीच सांगून टाकतो, कारण त्या वर्षी डार्मश्टाटमध्ये ऑफिसात, ट्राममध्ये, भाजीच्या रांगेत मी त्याबद्दल इतकं बोललो होतो की काही लोकांना मी तिथलाच वाटायला लागलो.

मुलगी तेव्हा चौथीत होती. जर्मनीत चौथी म्हणजे आपली दहावीच. मुलाला गिम्नाझिउमला, म्हणजे पुढे विद्यापीठाकडे नेणाऱ्या शाळेत पाठवावं की नाही, याची शिफारस त्याच वर्षी होते. पालकसभेत वर्गशिक्षिका म्हणाल्या, "लिहिते उत्तम. पण वर्गात तोंड उघडत नाही. मग मी शिफारस कशी करू?" घरी हीच मुलगी आम्हा दोघांना बोलू देत नसे, मराठीत विचारलेल्याचं जर्मनमध्ये उत्तर देऊन मोकळी व्हायची. आता एकच संधी उरली होती. एखाद्या जुन्या राजधानीबद्दल वर्गासमोर उभं राहून दहा मिनिटं बोलायचं.

पाच मुलांनी बॉन घेतलं. आमच्या मुलीने घेतलं बख्चिसराय, क्रिमियातल्या तातार खानांची राजधानी, कारण वरच्या मजल्यावरच्या आजी तिथल्या होत्या. आजी म्हणजे आमच्या नव्हेत, पण शाळा सुटल्यावर आम्ही कामावरून येईपर्यंत मुलगी त्यांच्याकडेच असायची. त्यांचे दिवंगत यजमान जर्मन वंशाचे. दोघांचीही घरदारं दुसऱ्या महायुद्धात त्यांच्याच देशाच्या सरकारकडून हिसकावली गेली, दोघांनाही लहानपणीच मध्य आशियात धाडलं गेलं, तिथेच लग्न झालं, आणि म्हातारपणी ते जर्मनीत आले.

आता मी स्वस्थ बसतो का? शाळेत असताना तालुका पातळीवरच्या वक्तृत्व स्पर्धेत मी उत्तेजनार्थ बक्षीस मिळवलेलं आहे. (स्पर्धक चार होते.) ग्रंथालयातून पुस्तकं आणली, दोन रविवार घालवले आणि अस्सल आपल्या पद्धतीचं भाषण जर्मनमध्ये लिहून काढलं. पाठ करायचं, स्वल्पविरामासकट. कुठे हात उचलायचा ते समासात बाण काढून दाखवलं.

बायकोने पहिली ओळ वाचली. "अहो, हे 'माननीय अध्यक्ष' कोण?"

"असतील कोणीतरी."

"वर्गात मुलं आणि एक बाई. अध्यक्ष कुठून आणताय?"

तिच्याकडे दुर्लक्ष केलं. मजकूर मात्र खरंच भरगच्च होता. दरीत वसलेलं गाव, खानांचा महाल, अंगणातल्या मशिदीचे दोन सडपातळ मिनार, शेजारच्या कबरस्तानात दगडी पागोटी घातलेल्या खानांच्या कबरी. त्याआधी राजधानी वर कड्यावरच्या गुहांच्या किल्ल्यात होती, ती खाली आली. इथे माझ्यातला मराठी माणूस उसळला. गडावरची राजधानी म्हटल्यावर रायगड कसा टाळायचा? चौथ्या मिनिटाला रायगड आला आणि सहाव्या मिनिटापर्यंत हलला नाही.

एक गोष्ट मात्र मी मुद्दाम गाळली. हद्दपारी. दहा वर्षांच्या मुलांसमोर ते कशाला, असं म्हटलं. आजींना तरी ते पुन्हा कशाला ऐकवायचं?

रंगीत तालीम आजींसमोर झाली. मुलगी पोपटासारखी बोलली, बाणाबरहुकूम हात उचलले. आजींनी चष्मा पुसला. "पुस्तकातलं सगळं बरोबर आहे. पण आमची गल्ली कुठाय?"

"आजी, दहा मिनिटांत गल्ली बसत नाही हो," मी म्हटलं.

"रायगड बसला," बायको मराठीत म्हणाली. आजींना कळलं नाही, हे माझं नशीब.

भाषणाच्या दिवशी बाईंनी आजींसकट आम्हा तिघांनाही वर्गात बसू दिलं. आम्ही मागच्या बाकावर. ती बाकं चौथीच्या मापाची, माझे गुडघे हनुवटीला टेकलेले. मुलगी पुढे गेली, प्रोजेक्टर लावला, "माननीय अध्यक्ष" म्हणाली. दोन मुलं वळून अध्यक्ष शोधायला लागली. आणि ती अडली.

मी मागून ओठ हलवले. मग ओठांवर भागेना म्हणून हातही उचलला, गड वर असतो तसा. बायकोने तो खाली ओढला. बाईंचं पेन कागदावर थांबलेलं. माझ्या मनात गिम्नाझिउमचं फाटक बंद होतानाचा आवाज स्पष्ट आला.

मुलीने माझ्याकडे पाहिलं, हातातल्या कागदाची घडी केली आणि टेबलावर ठेवून दिली. मग दुसरंच चित्र लावलं.

"हे कारंजं आहे. पण उडत नाही, गळतं."

वर्ग हसला. तिला ते आवडलं असावं. मग ती बोलतच सुटली, घरी बोलते तशी. खान फार कठोर होता म्हणे. त्याची आवडती बायको वारली तेव्हा त्याने कारागिराला सांगितलं, दगडालाही रडता येईल असं काहीतरी कर. म्हणून संगमरवराच्या एका वाटीतून खालच्या वाट्यांमध्ये थेंब थेंब पडतं, आसवांसारखं.

"खरं आहे हे?" एका मुलाने विचारलं.

"लोक तसं सांगतात. मला वाटतं, आत पाइप आहे."

पुन्हा हशा. मग कड्यावरचा किल्ला. तिथे खडकात गाड्यांच्या चाकांनी खोल चाकोऱ्या पडल्यात, आणि लहानपणी आजी त्यात पावलं जुळवत चालायच्या. वाटेत डोंगराच्या पोटात कोरलेला मठ. महालासमोरून वाहणारी मोठी नदी. आणि गल्ली. पूर्ण गल्ली, कॉफी भाजणाऱ्या शेजारणीसकट.

एका मुलीने हात वर केला. "मग त्या इथे का आल्या?"

आमच्या मुलीने मागच्या बाकाकडे पाहिलं. "सांगू?" आजींनी मान हलवली.

"एक दिवस पहाटे सैनिक आले. तुम्ही शत्रूला मदत केली, असं म्हणून गावातल्या सगळ्या तातारांना आगगाडीत भरलं. आजी आठ वर्षांच्या होत्या. आईने त्यांना दोन झगे एकावर एक घातले. मग कितीतरी वर्षं कोणाला परत जायची परवानगी नव्हती. आता बरेच तातार परत गेलेत. पण आजींच्या घरात दुसरे लोक राहतात. अंगणातलं जर्दाळूचं झाड आजींच्या वडिलांनी लावलेलं आहे." मग जरा थांबून म्हणाली, "त्यांना ते माहीत नसेल."

ग्रंथालयातलं एकही पुस्तक मला हे सांगू शकलं नव्हतं, आणि मी मात्र वरच्या मजल्यावरच्या आजींना एका शब्दाने विचारलं नव्हतं. लाज वाटली. पण खरं सांगतो, ती फार वेळ टिकली नाही. छाती इतकी फुगली की ते बाक आणखीच लहान वाटायला लागलं.

टाळ्या थांबल्यावर आजी उठल्या. "एक चूक आहे. नदी मोठी सांगितलीस. ओढा आहे तो, आणि वासही येतो."

"तुम्हीच मोठी सांगितली होतीत!"

"तेव्हा मी लहान होते ना," आजी म्हणाल्या. बाईही हसल्या. काही आठवड्यांनी शिफारस मिळाली.

भाषण झालं त्याच आठवड्यात शनिवारी सकाळी साताऱ्याला वडिलांना फोन लावला. ते निवृत्त मुख्याध्यापक. सगळं ऐकून त्यांनी विचारलं, "नंबर कितवा आला?"

"इथे नंबर काढत नाहीत हो, अण्णा."

"मग चांगलं बोलली हे ठरवलं कोणी?"

मी उत्तराची जुळवाजुळव करत होतो, तेवढ्यात मुलीने माझ्या हातातून फोन घेतला. "अण्णा, ऐका," ती म्हणाली. मराठीत. "एक गाव आहे. खाली, डोंगर दोन बाजूला..." क्रियापदं वाटेल तिथे पडत होती, कबरीला शब्द सापडेना म्हणून ती अण्णांनाच विचारत होती, आणि तिकडून अण्णा बहुधा पुरवत होते. कारंज्यापर्यंत पोचायलाच पंधरा मिनिटं लागली.

मी मध्ये एकदाही बोललो नाही. बायको साक्षीला आहे.