पिवळा फोटो

घणसोली गावातल्या दुरुस्तीच्या दुकानात मी माझा लॅपटॉप आणायला गेलो होतो. बाकावर एक वयस्कर गृहस्थ मांडीवरचा जुना प्रिंटर उपरण्याने पुसत बसले होते.

"काका, नव्या कॉम्प्युटरवर हा चालत नाही. भंगारात द्या," दुकानदार म्हणाला.

"बायकोचा हाय. उद्या तिचं वर्षश्राद्ध. तिचा फोटो याच्यावरच छापायचा."

माझ्या लॅपटॉपवर विंडोजऐवजी लिनक्स आहे, ते जुने प्रिंटरही ओळखतं. लॅपटॉपला जोडताच प्रिंटर चालू झाला. काकांच्या पेनड्राइव्हमधला बायकोचा फोटो मी छापायला दिला. पण लाल शाई सुकलेली. चेहरा, कुंकू, सगळं पिवळं उमटलं.

"प्रिंटरचं शाईचं हेड साफ करून पुन्हा काढू," मी म्हणालो.

त्यांनी कागद हलकेच फुंकून वाळवला.

"नको. कावीळ झालती तिला. शेवटी अशीच दिसायची."

मी केबल काढून घेतली.