फोटो निघेपर्यंत

कन्हानच्या बाजारात बायजाबाईंनी चाळीस वर्षं भाजी विकली. गिऱ्हाईक वांगं दाबून बघायला लागलं की त्या नुसत्या त्याच्या हाताकडे बघत; तेवढ्यानं माणूस वांगं खाली ठेवायचा. अशा बाईचा पाय ऑटो उलटून मोडला आणि त्या धंतोलीतल्या एका चकाचक दवाखान्यात तिसऱ्या मजल्यावर येऊन पडल्या. तिसरा मजला सरकारी योजनेचा. पेशंटला उपचार फुकट, पैसे सरकार देणार. रोख भरणारे दुसऱ्या मजल्यावर, आणि मोठे डॉक्टरही तिथंच.

सरकारचा दवाखान्यांवर विश्वास नाही, आणि नसावा हेच बरोबर. म्हणून पुरावा लागतो. ऑपरेशनच्या आधी एक फोटो, नंतर एक. पेशंट खाटेवर, चेहरा स्पष्ट, शेजारी डॉक्टर. फोटो नाही तर दवाखान्याला पैसे नाहीत.

पहिल्या फोटोला मोठे डॉक्टर आले, उशाशी उभे राहिले, काळजीचा चेहरा केला, मोबाइल वाजला आणि चेहरा पुसून निघून गेले. कोणता पाय, एवढंही विचारलं नाही. ऑपरेशन त्यांनीच केलं म्हणतात. बायजाबाई भुलीत होत्या, त्यांना ठाऊक नाही.

दोन दिवसांनी प्लास्टरबाहेरची बोटं गार पडली. हलवायला गेल्या तर हलेनात. नर्स म्हणाली, डॉक्टरांना सांगा. शिकाऊ डॉक्टर म्हणाला, राउंडला सांगा. राउंड दुसऱ्या मजल्यावरच संपायचा.

शेजारच्या खाटेवर मीराबाई होत्या, अंगात ताप. "माहे दोन्ही फोटो झाले," त्या म्हणाल्या. "तवापासून पट्टी सोडून कोणी पाह्यलं नाही. वास येऊन राहिला."

बायजाबाई घाबरल्या. घरात दुसरं कोणी नव्हतं. पाय गेला तर बाजार गेला, आणि बाजार गेला तर खायचं काय? रात्रभर त्यांनी बोटं चोळली आणि सकाळपर्यंत भीतीची चीड झाली.

दुपारी योजनेच्या टेबलावरचा रजत मोबाइल घेऊन आला. मागे मोठे डॉक्टर, घड्याळ बघत.

"मावशी, इकडे पाहा. दुसरा फोटो."

बायजाबाईंनी पदर ओढून अख्खं तोंड झाकलं.

"मावशी, चेहरा लागते."

"लागते न? मंग पहिले माही बोटं पाहा."

"फोटो होऊ द्या, मग पाहतीन डॉक्टर."

"फोटो झाल्यावर कोण पाहते गा? ते मले मीराबाईनं सांगितलं."

"काय तमाशा आहे?" डॉक्टर वैतागले.

"कालपासून बोंबलून राहिली मी, साहेब. बोटं मेली माही."

डॉक्टरांनी नाइलाजानं बोटांना हात लावला आणि त्यांच्या चेहऱ्याचा रंगच उडाला. कटर मागवून त्यांनी उभ्याउभ्या प्लास्टर चिरलं. वर विचारलं, "आधी का नाही सांगितलं?"

"आता काढू फोटो?" रजतनं विचारलं.

"बोटं हलल्यावर," पदराआडून उत्तर आलं.

मग काय थाट! मोठे डॉक्टर सकाळ-संध्याकाळ तिसऱ्या मजल्यावर. बोटाला टाचणी लावून "कळतंय का?" विचारायचे, बायजाबाईंना "आई" म्हणायचे. हा कळवळा आधी कुठे शेण खायला गेला होता, कोण जाणे. त्यांची चाहूल लागली की बायजाबाई पदर ओढून घ्यायच्या आणि फक्त पाय पुढे करायच्या.

चौथ्या दिवशी अंगठा हलला. सगळ्यांनी पाहिला. रजतचा जीव भांड्यात पडला. त्यानं मोबाइल उचलला, डॉक्टर उशाशी येऊन उभे राहिले, स्वतःच्या केसांवरून हातही फिरवला.

पदर जागचा हलला नाही.

"आता काय राहिलं, आई?"

पदराखालून एक बोट बाहेर आलं आणि शेजारच्या खाटेकडे वळलं. "तिची पट्टी सोडा."

"त्यांचं सगळं झालं, मावशी," रजत म्हणाला. "फाइल बंद झाली त्यांची."

"फाइल बंद झाली असंन. बाई जिती हाये अजून."

डॉक्टरांनी एकदा मोबाइलकडे पाहिलं, एकदा पदराकडे. मग नर्सकडे हातमोजे मागितले.